कप पुन्हा भरतो

नाना प्रेसमध्ये तपासनीस होते.
दिवसभर समोर नोटांचे ताव, सगळे सारखे,
आणि सारख्यातलं वेगळं शोधायचा पगार.
शाई पसरली, आकडा सरकला,
कडेला केसाएवढी रेघ निघाली
की लाल पेन्सिलीची खूण. ताव बाद.
सुटताना गेटवर झडती.
डबा उघडून दाखवायचा, रुमाल झटकून.

आणि घरी येऊन हा माणूस
बघितलेलाच सिनेमा बघायचा.

आईला ते कधी पटलं नाही.
“शेवट माहीत आहे ना? मग?”
“तुला मेथीचा शेवट माहीत नाही का?” नाना म्हणायचे.
यावर ती निवडायची जुडी उचलून आत जायची.

पहिल्यांदा पाहिला तो नाशिकरोडलाच,
जानेवारीत, सोबत खैरनार.
थंडी अशी की मध्यंतरात
अर्धं थिएटर चहाच्या गाडीला चिकटलेलं.
खैरनारांना गोष्ट आवडली नाही.
नानांना आवडली का, ते बोलले नाहीत,
पण रविवारी एकटेच परत गेले.
पुढे भाड्याचा व्हीसीआर आला, मग केबल.
“थिएटर बरं,” एकदा म्हणाले,
“बाहेर पडताना कुणी खिसे तपासत नाही.”

तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांना तो कप सापडला.
नायिका चहा संपवते, कप बशीत ठेवते,
नायक काहीतरी बोलतो, मुद्दाम लागेल असं,
आणि कॅमेरा पुन्हा तिच्याकडे वळतो तेव्हा
कप भरलेला.
वाफेसकट.

“सापडला!”
गांगुर्डे काकू दार वाजवून विचारून गेल्या, काय सापडलं.

मग सापडतच गेलं.
घड्याळ दहा मिनिटं मागे.
सासऱ्याच्या शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे.
आणि स्टेशनच्या गर्दीत एक हमाल,
गाडी सुटते तेव्हा डोळे पुसणारा,
ज्याचा त्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही.
त्या हमालाशी नाना फार दिवस अडले होते.
“त्याला कुणी सांगितलं नसणार,” म्हणायचे,
“त्याचं त्याचंच काहीतरी असणार.”

मी विचारलं होतं,
इतक्या चुका, मग बाद का नाही?
ते हसले नाहीत.
“आमच्याकडे चुकलं की बारीक तुकडे करतात.
इथं चूक जागेवर राहते.
कधीही जा, असते.”
मी चौदा वर्षांची होते.
मला वाटलं, नानांनी उत्तर टाळलं.

आता मी इंदिरानगरात राहते.
तो सिनेमा लावते, बहुतेक महिनाअखेरीला,
हिशेब जुळत नसला की.
गोष्ट बेताचीच आहे, खैरनारांचं बरोबर होतं,
शेवटी ते दोघे भेटतात तेही घाईत उरकलेलं.
पण पहिल्यांदा बघताना आपल्यालाही घाईच असते,
पुढे काय, पुढे काय.
नंतर पुढचं सगळं आपल्या खिशात असतं,
मग हात मोकळे होतात
कोपरे चाचपायला.

तास उलटला की मी उठून गॅस बारीक करते,
येऊन सोफ्याच्या कडेला बसते,
मान पुढे, डोळे बारीक.
असं बसायला मला कुणी शिकवलेलं नाही.

ती चहा संपवते.
तो लागेल असं बोलतो.
शार्दूल टेबलाशी, स्क्रीनकडे पाठ,
गणिताच्या वहीत डोकं.
कप अजून दिसायचाय, तोच
वहीतूनच म्हणतो, “सापडला.”

आणि पान उलटताना,
“हमाल आला की हाक मार.”